कुकी हेडर बिघडतो तेव्हा

दहा वेळा लॉगिन केलं तर सहा वेळा काम होतं आणि चार वेळा सर्व्हर ४०१ देऊन दार लावून घेतो. कोड तोच, पासवर्ड तोच, मशीनही तेच. असा दोष ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांना विचारा: साफ बंद पडलेला प्रोग्राम यापेक्षा बरा. इथे ज्याचा त्याचा अंदाज वेगळा असतो. सर्व्हरवर लोड आला असेल, टोकनची मुदत संपली असेल, नेटवर्कवाल्यांनी काहीतरी बदललं असेल.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा दोन दिवस समोरच्या टीमशी मेलामेली करण्यात गेले. दोष शेवटी निघाला दोन डबल कोटमध्ये. ते कोट मी लिहिले नव्हते, सर्व्हरनेही मागितले नव्हते. मधल्या लायब्ररीने ते आपणहून घातले होते. ते प्रकरण आधी नीट सांगतो, कारण एचटीटीपी क्लायंट लायब्ररी आणि कुकी यांच्यातल्या बहुतेक भानगडी याच वळणाच्या असतात. (उदाहरणांतली नावं मी देवनागरीत लिहितो आहे. प्रत्यक्ष हेडरमध्ये ती रोमन लिपीतच असतात.)

पायथनमध्ये एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट सोडायच्या असतील तर बरेच जण एआयओएचटीटीपी ही लायब्ररी घेतात. मीही तीच घेतली होती. लॉगिन झालं की सेवेकडून जेसनमध्ये एक टोकन यायचं. ते मी साध्या डिक्शनरीत घालून पुढच्या रिक्वेस्टसोबत कुकी म्हणून द्यायचो. टोकन म्हणजे २४ रँडम बाइट, बेस-६४ मध्ये लिहिलेले, म्हणजे बरोबर ३२ अक्षरं. फसलेल्या आणि चाललेल्या रिक्वेस्ट वेगळ्या काढून एकाखाली एक लावल्या, तेव्हा फसलेल्या प्रत्येक टोकनात कुठे ना कुठे स्लॅश दिसला. चाललेल्या एकाही टोकनात तो नव्हता.

सर्व्हरपर्यंत काय पोचत होतं ते असं:

कुकी: एसआयडी=केएक्स४२एमपी
कुकी: एसआयडी="केएक्स/२एमपी"

कुकीचं मूल्य लिहिताना ही लायब्ररी पायथनच्या स्वतःच्या एचटीटीपी-डॉट-कुकीज या मॉड्यूलवर विसंबते. त्या मॉड्यूलकडे बिनधोक चिन्हांची एक यादी आहे: अक्षरं, आकडे, अधिक, उणे, टिंब, अंडरस्कोर आणि आणखी थोडी. स्लॅश त्या यादीत नाही. बरोबरचं चिन्हही नाही, आणि बाइटांची संख्या तीनच्या पटीत नसली तर बेस-६४ च्या शेवटी ते येतंच. यादीबाहेरचं एक जरी चिन्ह सापडलं तर मॉड्यूल अख्खं मूल्य डबल कोटमध्ये गुंडाळतं. ३२ अक्षरांचं टोकन ३४ अक्षरांचं होतं. समोरचा सर्व्हर कोटसकट ते आपल्या यादीत शोधतो आणि असं सत्र नाहीच म्हणून सांगतो. त्याचं काहीच चुकत नाही.

दहातली चार हा आकडाही मग उलगडला. बेस-६४ मध्ये ६४ चिन्हं. एका जागी स्लॅश नसण्याची शक्यता ६४ पैकी ६३. अशा ३२ जागा लागोपाठ स्लॅशविना जाण्याची शक्यता येते सुमारे ६० टक्के. उरलेली ४० टक्के टोकनं कोटात अडकत होती. ‘कधी चालतं, कधी नाही’ असं म्हणतो तेव्हा अनेकदा मागे इतका साधा हिशेब असतो. म्हणून फसलेल्या नमुन्यांची संख्या मोजून ठेवा. ती संख्याच पुष्कळदा कारणाकडे बोट दाखवते.

उपाय एका ओळीचा आहे. एआयओएचटीटीपीच्या ३.७ आवृत्तीपासून कुकी-जार तयार करताना ‘क्वोट अंडरस्कोर कुकी’ हा पर्याय ‘फॉल्स’ ठेवता येतो, आणि तो जार सेशनला देऊन कुकी त्या जारमध्येच घातली की मूल्य जसंच्या तसं जातं. याच मॉड्यूलची आणखी एक खूण लक्षात ठेवा. मूल्यात कॉमा असेल तर ते त्याच्या जागी बॅकस्लॅश आणि ०५४ लिहितं, सेमिकोलनच्या जागी बॅकस्लॅश आणि ०७३. हेडरमध्ये हे आकडे दिसले की ते कुणाच्या हातचं काम आहे हे वेगळं शोधावं लागत नाही.

आधी तारेवर काय गेलं ते बघा

माझे ते दोन दिवस वाचले असते, जर पहिल्याच तासाला मी एक काम केलं असतं: लायब्ररीने प्रत्यक्षात कोणते बाइट पाठवले ते पाहणं. मी मात्र पाठवण्याआधीची डिक्शनरी प्रिंट करत बसलो होतो. डिक्शनरीत कोट नव्हतेच. डिबगरमध्ये दिसणारा कुकी ऑब्जेक्ट आणि सॉकेटवर पडणारी ओळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिघाड त्या दोहोंच्या मधल्या टप्प्यावर होतो.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे नेटकॅट. एका टर्मिनलवर तो ८०८० पोर्टवर ऐकत बसवा, आणि आपल्या प्रोग्रामला खऱ्या सर्व्हरऐवजी साध्या एचटीटीपीने लोकलहोस्टचा तो पोर्ट द्या. रिक्वेस्ट आली की तिची प्रत्येक ओळ पडद्यावर उमटते. नेटकॅट उत्तर देत नाही, त्यामुळे प्रोग्राम लटकून राहतो. राहू द्या, आपल्याला हवं होतं ते मिळालं. ओळीच्या शेवटी लपलेली स्पेस किंवा टॅब बघायचा असेल तर नेटकॅटचं आउटपुट हेक्स दाखवणाऱ्या प्रोग्राममधून न्या.

या चाचणीत दोन खड्डे आहेत. ‘सिक्युअर’ गुणधर्म असलेली कुकी साध्या एचटीटीपीवर जातच नाही, आणि दुसऱ्या डोमेनसाठी आलेली कुकी लोकलहोस्टला मिळत नाही. म्हणून इथे कुकी हाताने तयार करा, फक्त तिचं मूल्य खरं ठेवा. दुसरा खड्डा पत्त्याचा. १२७.०.०.१ असे आकडे न लिहिता लोकलहोस्ट हे नाव लिहा, कारण एआयओएचटीटीपीचा जार आयपी पत्त्यावरून आलेल्या कुकी मुळात घेतच नाही. त्यासाठी ‘अनसेफ’ हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. पायथनच्या जुन्या कुकी-जारची गंमत निराळी. टिंब नसलेल्या नावापुढे तो ‘डॉट लोकल’ जोडतो, म्हणून डोमेन ‘लोकलहोस्ट’ असं स्वतः लिहून ठेवलेली कुकी त्याला जुळत नाही. डोमेन रिकामं सोडलं की प्रश्न मिटतो.

दोष खऱ्या सर्व्हरवरच दिसत असेल तर मध्ये मिटमप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी बसवा. जावावाल्यांना अपाची एचटीटीपीक्लायंटचा वायर लॉग डिबग पातळीवर चालू करता येतो. तो बाइटन् बाइट लिहून काढतो.

दुसरं टोक हवं चाललेल्या रिक्वेस्टचं. त्यासाठी कर्लसारखा साक्षीदार नाही. ‘डॅश व्ही’ दिलं की पाठवलेला प्रत्येक हेडर तो ‘मोठं आहे’ या चिन्हामागे दाखवतो. ‘डॅश बी’ ला ‘नाव=मूल्य’ दिलं की कर्ल ते आहे तसं हेडरमध्ये घालतो, स्वतःची अक्कल चालवत नाही. फक्त त्या मजकुरात बरोबरचं चिन्ह नसेल तर कर्ल त्याला फाइलचं नाव समजतो, हे विसरू नका. आणि खरोखर कुकी फाइल देत असाल तर तिच्या प्रत्येक ओळीत टॅबने वेगळे केलेले सात रकाने असतात. एडिटरने टॅबच्या स्पेस केल्या की ती ओळ मेली.

कर्लने चाललं आणि लायब्ररीने नाही, तर दोन्ही हेडर एकाखाली एक ठेवा आणि अक्षर अक्षर लावून वाचा. नजरेवर विश्वास ठेवू नका, डिफ चालवा. कर्लनेही चाललं नाही तर लायब्ररी निर्दोष आहे. मग टोकन, मुदत किंवा सर्व्हर बघा.

हेडरचं बरोबर रूप

वाचताना डोळ्यांसमोर काय असावं? आज चालतो तो नियम आयईटीएफच्या आरएफसी ६२६५ मध्ये आहे, एप्रिल २०११ चा. क्लायंटकडून एकच कुकी हेडर जातो. त्यात नाव, बरोबरचं चिन्ह, मूल्य. दोन जोड्यांच्या मध्ये एक सेमिकोलन आणि एक स्पेस. शेवटच्या जोडीनंतर काही नाही. मूल्यात स्पेस, डबल कोट, कॉमा, सेमिकोलन, बॅकस्लॅश, कंट्रोल कॅरेक्टर आणि आस्कीबाहेरचं काहीही चालत नाही. स्लॅश आणि बरोबरचं चिन्ह चालतं, म्हणजे माझ्या टोकनाला कोटांची गरज नव्हती. अख्खं मूल्य कोटात घालायला नियम परवानगी देतो. पण क्लायंटच्या दृष्टीने ते कोट मूल्याचाच भाग असतात. काही सर्व्हर ते सोलून टाकतात, काही ठेवतात. एका सर्व्हरवर चाललेला कोड दुसऱ्यावर पडतो तो इथे.

लायब्ररींमध्ये इतकी मतभिन्नता का, हे कळायला थोडा इतिहास लागतो. कुकीची कल्पना १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी आणली. १९९७ मध्ये आरएफसी २१०९ आला, २००० मध्ये आरएफसी २९६५. या दोघांनी कुकीला आवृत्ती क्रमांक दिला आणि क्लायंटने पाठवायच्या हेडरमध्ये डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ‘व्हर्जन’, ‘पाथ’, ‘डोमेन’ अशा नोंदी घातल्या. ब्राउझरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. २०११ च्या नियमाने अखेर ब्राउझर जे करत होते त्यालाच लिखित रूप दिलं. पण मधल्या १४ वर्षांत लिहिलेल्या लायब्ररी त्या जुन्या नियमांना प्रामाणिक राहिल्या.

अपाची एचटीटीपीक्लायंटच्या जुन्या आवृत्त्या हे याचं ठळक उदाहरण. सर्व्हरने ‘व्हर्जन=१’ असलेली कुकी दिली की त्या आवृत्त्या पुढच्या रिक्वेस्टमध्ये डॉलर-व्हर्जनपासून सुरू होणारा हेडर पाठवत, आणि आजचा सर्व्हर डॉलर-व्हर्जन हीच एक कुकी समजून बसे. शिवाय सांगितल्याशिवाय प्रत्येक कुकी वेगळ्या हेडरमध्ये जाई. एकच हेडर हवा असेल तर ‘सिंगल कुकी हेडर’ ही सेटिंग चालू करावी लागे. सरकारी खात्यांत, बँकांत असे जुने जावा प्रोग्राम आजही चालतात, म्हणून हे शिळं झालेलं नाही. ४.४ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर कुकी धोरण ‘स्टँडर्ड’ ठेवा, म्हणजे २०११ चा नियम लागू होतो. ‘एक्स्पायर्स’ची तारीख अमान्य असल्याचा लॉगमधला तो सततचा इशाराही बहुधा त्यानेच थांबतो.

तुम्ही गो वापरत असाल तर तिच्या प्रमाण लायब्ररीची सवय वेगळी. मूल्यात स्पेस किंवा कॉमा दिसला की ती स्वतः कोट घालते, आणि नियमाबाहेरचे बाइट गाळून लॉगमध्ये एक ओळ टाकते. ती ओळ वाचली नाही तर टोकनातलं एखादं अक्षर गळालेलं कळतही नाही. कुकी द्यायला ‘ॲडकुकी’ वापरा. ती सगळ्या जोड्या एकाच ओळीत सेमिकोलनने जोडते. ‘हेडर-डॉट-ॲड’ दोनदा केलं तर दोन हेडर जातात.

दोन हेडर दिसले म्हणून लगेच लायब्ररीला दोष देऊ नका. आधी प्रोटोकॉल बघा. एचटीटीपी-२ मध्ये कॉम्प्रेशन चांगलं व्हावं म्हणून कुकी हेडर तोडून वेगवेगळ्या ओळींत पाठवायला परवानगी आहे. मात्र पुढे एचटीटीपी-१ च्या सर्व्हरकडे देण्याआधी मधल्या प्रॉक्सीने ते सेमिकोलन आणि स्पेसने पुन्हा जोडायला हवेत. तिने कॉमाने जोडले, तर पहिल्या कुकीच्या मूल्याला दुसरी कुकी चिकटते. अशा वेळी क्लायंटला काही काळ एचटीटीपी-१.१ वर बांधून बघा. दोष गेला तर प्रॉक्सीवाल्यांकडे जा.

आपल्या हातून होणाऱ्या चुका

सगळा दोष लायब्ररीचा नसतो. नव्या मुलांच्या कोडमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: सर्व्हरने पाठवलेली सेट-कुकीची अख्खी ओळ उचलून तशीच कुकी हेडरमध्ये परत पाठवायची. मग सर्व्हरला ‘पाथ’ नावाची एक कुकी मिळते आणि ‘एचटीटीपीओन्ली’ हा एक अनाथ शब्द मिळतो. परत पाठवायची असते ती फक्त पहिली जोडी, पहिल्या सेमिकोलनच्या आधीची.

दुसरी चूक कॉमाची. काही लायब्ररी एकापेक्षा जास्त सेट-कुकी हेडर कॉमाने जोडून एक स्ट्रिंग देतात. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत रिस्पॉन्सच्या हेडरमधून सेट-कुकी वाचलं की असंच होतं. ती स्ट्रिंग कॉमावर तोडायचा मोह होतो, पण ‘एक्स्पायर्स’च्या तारखेत वारानंतर कॉमा असतोच. तारखेचे दोन तुकडे होतात आणि अर्धी तारीख कुकी बनून फिरते. तोडू नका. रिस्पॉन्सच्या ‘कुकीज’मधून घ्या. नोडच्या एचटीटीपी मॉड्यूलमध्ये सेट-कुकी नेहमी ॲरे म्हणूनच मिळते, ती तशीच वापरा.

तिसरी चूक फार फसवी आहे. रिक्वेस्ट्समध्ये सेशन वापरायचं आणि कुकी हेडरही हाताने लिहायचा. अशा वेळी हाताने लिहिलेला हेडर राहतो आणि जारमधल्या कुकी त्यात मिसळत नाहीत. पुढे सर्व्हरने रीडायरेक्ट केलं की लायब्ररी तुमचा हेडर काढून टाकते आणि नवा हेडर जारमधून बनवते. म्हणजे पहिल्या रिक्वेस्टला फक्त तुमची कुकी, दुसरीला फक्त जारची. लॉगिननंतर बऱ्याचदा रीडायरेक्ट असतं, म्हणून हे नेमकं लॉगिनलाच आडवं येतं. एक काय ते ठरवा: सेशन असेल तर कुकी जारमध्येच घाला, हाताने हेडर लिहायचा असेल तर रीडायरेक्ट बंद ठेवून प्रत्येक पायरी स्वतः चाला.

टोकन फाइलमधून वाचत असाल तर शेवटची नवी ओळ छाटा. रिक्वेस्ट्स अशा हेडरला सरळ नकार देते आणि तो नकार वाचला की दोष कळतो. सगळ्या लायब्ररी इतक्या स्पष्ट बोलत नाहीत.

मराठीसाठी काम करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. गावाचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, शोधलेला शब्द असं काही देवनागरीत कुकीत ठेवायची पाळी आपल्यावरच येते, आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ते तपासलेलं असेलच असं नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि पर्सेंट-एन्कोडिंग केलं की प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत. त्यांचे १२ बाइट, आणि हेडरमध्ये ३६ अक्षरं. ‘कोल्हापूर’ची ८१. एन्कोड न करता पाठवलं तर कुठे एरर येते, कुठे सर्व्हरवर भलतीच अक्षरं उमटतात.

उलट बाजूने, दोनदा एन्कोडिंग झालं की टक्क्याच्या चिन्हाचंच ‘टक्के-२५’ होतं. मूल्यात टक्क्यानंतर २५ परत परत दिसलं तर तुम्ही आणि लायब्ररी दोघांनीही एन्कोड केलं आहे, तुमचं काढा. शक्य असेल तर कुकीत देवनागरी ठेवूच नका. गावाला एक क्रमांक द्या आणि तो पाठवा. नियमाने ब्राउझरने एका कुकीला किमान ४,०९६ बाइट द्यावेत असं म्हटलं आहे, पण अपाची सर्व्हर एका हेडरला मुळात ८,१९० बाइटच देतो. काही मराठी वाक्यं कुकीत साठवली की ती मर्यादा दूर राहत नाही, आणि मग येतो तो ४००.

दोष सापडला आणि तो खरंच लायब्ररीचा निघाला तर तो लिहून कळवा. पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतील. लिहिताना लायब्ररीची आणि भाषेची आवृत्ती द्या, तारेवर गेलेली ओळ द्या, अपेक्षित ओळ द्या, आणि नेटकॅटवर चालेल असा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम जोडा. खरं टोकन मात्र देऊ नका. त्यातली अक्षरं आणि आकडे बदला, पण लांबी, स्लॅश, बरोबरची चिन्हं, कोट जिथे होते तिथेच ठेवा, नाहीतर दोष पुन्हा उभा राहणार नाही. खरं टोकन चुकून कुठे पेस्ट झालंच, तर पोस्ट पुसत बसण्याआधी लॉगआउट करून ते सत्र सर्व्हरवर बंद करा. ते चालू आहे तोवर ती ओळ ज्याच्या हाती असेल, तो तुमच्या नावाने आत जाऊ शकतो.